अर्ध्यावर थांबवलेला तिजोरीचा पिच्चर

बायकोनं नि मी जोडीनं शेवटचं काय केलं असेल, तर चोरीचा पिच्चर बघितला. तोही अर्धा.

दुपारची जेवणं झाली होती. ओटीवर तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवलेला, त्याच्यासमोर आमी दोघं. तिच्या पुढ्यात परात, परातीत मोड आलेले वाल. वाल सोलताना हाताकडं बघावं लागत नाय. चिमटीत दाबला की दाणा सालातून टुणकन बाहेर येतो. म्हणून तिनं पिच्चरची वेळ नि बिरडं सोलायची वेळ एकच करून टाकली होती. पिच्चरमध्ये कोणी हलकटपणा केला की ती ओलं साल मोबाइलवर मारायची. ते काचेला चिकटायचं. मग मी टॉवेलानं काच पुसायची. पुसताना बोट लागून पिच्चर कुठल्या कुठं पळायचा, नि शिव्या मलाच.

"तुमाला एक काम धड येत नाय."

"साल कोणी मारलं?"

"त्या डायवरला मारलं. तुमी मधी कशाला आलात?"

आमाला एकच मुलगी, ती सापगावात दिलेली. तिची पोरगी, म्हंजे आमची नात, सुट्टीला आली की मोबाइलमध्ये पिच्चर भरून द्यायची. आमचा पाडा डोळखांबच्या वर, डोंगराला लागून. रेंज येते नि जाते, म्हणून पिच्चर भरूनच ठेवावे लागतात. हा तिनंच भरलेला. विलायती माणसं, बोलणं हिंदीत बसवलेलं. नाव इंग्रजीत होतं. मी शाळेत गेलो ते चौथीपर्यंत, त्यातही पावसाळ्यात शेतावर, त्यामुळं नाव काय मला सांगता येणार नाय. आमी त्याला तिजोरीचा पिच्चर म्हणायचो.

अर्धा बघायची चाल तिची. पिच्चर कितीही रंगात आलेला असो, म्हैस पाण्यावर न्यायची वेळ झाली की बंद. उरलेला दुसऱ्या दिवशी. नि एकानं दुसऱ्याला सोडून पुढचा बघायचा नाय, हा नियम. सुरवातीला मी चिडायचो. तिचं म्हणणं, सगळा एकदम बघितला तर सगळा एकदम विसरतो. अर्धा ठेवला तर काम करताना चघळायला राहतो. ते खरं निघालं. पिच्चर चांगला का फालतू ते तो संपल्यावर कळत नाय, अर्ध्यावर थांबवल्यावर कळतं. फालतू असला तर भाकऱ्या थापून होईपर्यंत आमी तो विसरून गेलेलो असायचो. चांगला असला तर जेवताना भांडण ठरलेलं.

तिजोरीचा पिच्चर चांगला होता. ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी त्याला नावं ठेवणार आहे. वाईट पिच्चरला नावं ठेवायला मी एवढं लिहायला बसलो नसतो.

गोष्ट अशी. मोठं शहर, बर्फ पडतोय. एक जुनी दगडी इमारत, तिच्या पोटात तिजोरी, तिजोरीत कुठल्याशा राणीचे दागिने. एक म्हातारा कुलुपवाला जेलमधून सुटून येतो नि टोळी जमवतो. एक डायवर, सदा हसऱ्या तोंडाचा. एक जाडा, भुयार खणणारा. नि एक बाई, ती त्या इमारतीत झाडूपोछाला लागते. शेजारची पावाची भट्टी ते भाड्यानं घेतात नि तिच्या खालून खणायला सुरवात करतात. टोळीतला एक जण पोलिसांना फितूर आहे. हे आपल्याला सांगतात, पण कोण ते सांगत नाय.

मला सगळ्यात आवडलं काय, तर ही माणसं काम शिकताना दाखवली. दुसऱ्या पिच्चरमध्ये चोर येतो, बटण दाबतो, तिजोरी उघडते, तो डोळ्यावर चष्मा लावून चालायला लागतो. इथं तसं नाय. एका पडक्या गोदामात ही माणसं लाकडाची खोटी तिजोरी बांधतात नि पुन्हा पुन्हा तेच करत बसतात. दोरी कोणी धरायची, कोणी कोणाच्या मागून वाकायचं, पाय कुठं टाकायचा. चुकतात. म्हातारा ओरडत नाय, परत पहिल्यापासून करायला लावतो. बघताना मला आमची भाताची लावणी आठवली. सगळे एका रांगेत वाकून मागं मागं सरकतात. एक जण जरी आपल्या मनानं चालला तरी रांग मोडते नि रोपं पायाखाली जातात. तसं होतं ते. चोरीच आहे, पण कामाला काम म्हणून दाखवलंय. ज्यानं हा पिच्चर काढला त्यानं कधीतरी चार माणसांत अंगमेहनत केलेली असणार.

दुसरं आवडलं ते गप्प राहणं. म्हातारा तिजोरीच्या दाराला कान लावतो नि चाक फिरवायला लागतो, तेव्हा वाजंत्री एकदम बंद. नुसता त्याचा श्वास. आमच्या ओटीवर पण सगळं बंद पडलं. तिचा हात परातीत तसाच राहिला. तेवढ्यात गोठ्यात म्हशीनं गव्हाणीवर शिंग आपटलं नि आमी दोघं दचकलो.

दार जरासं हललं, नि ही म्हणते, "बंद करा. म्हैस न्यायची."

"अगो, दार उघडतंय!"

"उद्या उघडू दे. पळून जातंय का?"

बंद केला.

दोष पण त्या अर्ध्यातच दिसायला लागलेले. पहिला मातीचा. भुयार खणतात, खणतात, पण माती जाते कुठं? मी जवान होतो तेव्हा मुरबाडकडं विहिरी खणल्यात. माणूस खाली गेला की वर डोंगर उभा राहतो. यांच्या भट्टीत ढेकूळ पण दिसत नाय. दुसरा दोष, ही माणसं जेवत नायत. पावाच्या भट्टीत राहतात, पाव भाजतात, नि कोणी तुकडा तोंडात घालत नाय. ती म्हणाली, "यांच्या आयांनी यांना काय शिकवलंय की नाय?" तिसरा आवाजाचा. म्हाताऱ्याचं तोंड माझ्यासारखं, गाल आत गेलेले, नि त्याच्यासाठी हिंदीत बोलतो तो पंचविशीतला पोरगा. डोळे मिटले तर वाटावं, नवरदेवच बोलतोय.

संध्याकाळी जेवताना भांडण झालंच.

"माल डायवर पळवणार," मी म्हणालो. "एवढा हसतो तो माणूस सरळ नाय."

"डायवर काय पळवतोय. माल गेला कवाच."

"कुठं गेला? दार आत्ता कुठं उघडतंय."

"बादलीत गेला."

मला कळलंच नाय. मग तिनं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून मला समजावलं. ती पोछावाली बाई इमारतीत जाताना बादली हातात झुलवत जाते. बाहेर येते तेव्हा पाणी आत ओतून आलेली, म्हंजे बादली रिकामीच पाहिजे. पण तिचा खांदा एका बाजूला पडलेला असतो.

"रिकाम्या बादलीनं खांदा पडत नाय ओ. जन्म गेला माझा पाणी वाहण्यात."

"पिच्चरवाल्यांची चूक असंल. त्यांना काय बादलीचं कळतंय."

"चूक एकदा होते. तिला बाहेर पडताना परत परत दाखवतात ते कशाला?"

"तू सालं मारत होतीस का लोकांचे खांदे बघत होतीस?"

"दोन्ही. तुमी डुलक्या काढत होता."

मग पैज लागली. आमच्या पैजा पैशाच्या नसायच्या, पैसे दोघांचे एकाच डब्यात, जिंकून नेणार कुठं? पैज कामाची. माल डायवरनं नेला तर मी जिंकलो, बाईनं नेला तर ती. हरेल त्यानं आठ दिवस गोठा काढायचा. म्हंजे सकाळी उठून म्हशीखालचं शेण पाटीत भरायचं, डोक्यावरून उकिरड्यावर नेऊन टाकायचं, जागा झाडायची नि सुका पेंढा पसरायचा. आमच्याकडं बाप्या माणूस वैरण घालतो, दूध काढतो, पण शेणाची पाटी उचलत नाय. ते बाईचं काम. का, ते मला विचारू नका, तसंच चालत आलंय. त्यामुळं पैज लावताना ती भलती खूश. ती हरली तरी तिचं रोजचंच काम. मी हरलो तर तमाशा.

"आख्खा पाडा गोळा करीन," ती म्हणाली. "या गो बाय, बाप्या शेणाची पाटी घेऊन चाललाय, या बघायला."

"आधी जिंक तर."

"जिंकलेच समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात गेली ती परत आली नाय. पाटी अर्धी भरलेली, नि ती गव्हाणीला टेकून बसलेली. मला वाटलं दमली. हाक मारली. परत मारली. मग शेजाऱ्याची गाडी काढली, शहापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं तपासलं, म्हणाला छातीचं बंद पडलं, घरीच गेली असणार. बस. याच्यावर मी जास्त लिहीत नाय. लिहून काय होणार आहे.

मुलगी सापगावहून आली. धसईहून मेहुणा आला, बायकोचा धाकटा भाऊ. घर माणसांनी भरलं. सोललेलं बिरडं परातीत आंबलं, ते कोणीतरी नेऊन म्हशीपुढं टाकलं. गोठा मुलगी काढू लागली. मी त्या दारातून आत पाऊल टाकलं नाय. म्हैस पाण्यावर न्यायची तरी मुलगीच दावं सोडून माझ्या हातात आणून द्यायची.

लोक यायचे, माझ्याशेजारी बसायचे, रडायचे. नि माझ्या डोक्यात काय, तर ते तिजोरीचं दार. जरासं हललेलं, तसंच थांबलेलं. लाज वाटायची. कोणी म्हणायचं, "मन घट्ट करा," नि मी मनात म्हणायचो, बादली का डायवर? मोबाइल डब्यापाशीच पडलेला होता. पण बघणार कसा? एकट्यानं बघायचा नाय, हा नियम तिचा. नि नाय बघितला तर ती गेली ती काय कळल्याशिवायच गेली. तिचं म्हणणं खरं होतं का खोटं, हे तिला कोण सांगणार? बघितला तरी चूक, नाय बघितला तरी चूक. एवढ्याशा गोष्टीनं माझी झोप उडवली, नि ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी पण नाय.

दहाव्याला नदीवर गेलो. विधी मीच केले. पिंड ठेवले, त्यांच्यापुढं केळीच्या पानावर तिच्या आवडीचं, तांदळाची भाकरी नि वालाचं बिरडं. आमच्यात कावळा शिवावा लागतो. नाय शिवला तर समजायचं, गेलेल्याचं मन अजून कशात तरी अडकलंय. मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा, तुझं अमुक करीन, तमुक सांभाळीन. पलीकडं ऐनाच्या झाडावर कावळे बसलेले. खाली बघत होते, पण येत नव्हते.

मुलगी पुढं झाली. "आई, बाबांना मी एकटं नाय टाकणार गो." कावळा नाय.

मेहुणा पुढं झाला. "ताई, म्हैस विकणार नाय. दाजींना पण विकू देणार नाय." एका कावळ्यानं पंख खाजवले.

मग आमची शेजारीण हळूच पुढं सरकली. "तुझा मोठा टोप माझ्याकडं राहिलाय. लवकर आणून देते, राग नको धरू." बाया हसल्या. दहाव्याला हसतात का? पण हसल्या. कावळा तरी नाय.

ऊन चढलं. मेहुणा माझ्याकडं वळला. "दाजी, आता तुमी बोला. तुमच्यातच अडकलाय जीव तिचा."

"मला काय विचारतोस?"

"मग कोणाला विचारू, कावळ्याला?"

मला माहीत होतं काय बोलायचं ते. सगळ्यांसमोर तोंड उघडत नव्हतं. शेवटी पानापाशी जाऊन वाकलो नि हळू आवाजात म्हणालो, "उरलेला पिच्चर आज मी बघतो नि तुला सांगतो. तुझा नियम मोडतोय, इलाज नाय. नि पैज आहे, ती पण आहे."

मेहुणा अगदी मागं उभा होता. "काय? पिच्चर?"

"गप रे."

"दाजी, पिंडापाशी पिच्चर काढला तुमी?"

मुलीनं पदर तोंडात कोंबला. हसत होती का रडत होती, मी बघितलं नाय, कारण तेवढ्यात एक कावळा खाली उतरला. पानाभोवती फिरला, बिरड्याचा दाणा उचलला नि उडाला. मग बाकीचे आले. आता तो माझ्या शब्दानं आला का भुकेनं आला, मला ठाऊक नाय. कावळ्याचं कावळा जाणे. मी शब्द दिला होता एवढं खरं.

दुपारी माणसं पांगली. मुलगी मागच्या दारी भांडी घासत होती. मी ओटीवर माझ्या जागेवर बसलो, तिची जागा मोकळी ठेवली, मोबाइल डब्याला टेकवला. नि पिच्चर चालू करून मोठ्यानं सांगायला लागलो.

"म्हातारा चाक फिरवतोय गो. दार हललं. आता उघडलं. आत..."

आत काय नव्हतं. सगळे कप्पे मोकळे.

मी पिच्चर थांबवला. कोणी न सांगता थांबवला, आयुष्यात पहिल्यांदा. जरा वेळानं परत लावला.

भुयाराच्या तोंडाशी पोलीस टपून बसलेले. त्यांना डायवरनंच आणलेलं. म्हंजे फितूर तोच होता, माझं पण अगदीच खोटं नव्हतं. पण पैज फितुराची नव्हती, मालाची होती. नि माल कधीच निघून गेलेला. भुयार, भट्टी, रात्रंदिवस खणणं, ते सगळं म्हाताऱ्यानं डायवरला नि पोलिसांना दाखवायला रचलेलं. ते तिकडं बघत बसले नि इकडं बाई रोज समोरच्या दारानं, शिपायाला नमस्कार करून, बादली घेऊन बाहेर पडत होती. शेवटी तिला बसमध्ये दाखवलीय. मांडीवर बादली, बादलीवर ओलं फडकं. शेजारचा माणूस पेपर वाचतोय. तिच्याकडं कोणी बघत नाय.

मी हसलो. एकटाच बसून हसलो. कारण पिच्चरनं आपल्याला फसवलं नव्हतं. सगळं डोळ्यांसमोर ठेवलेलं, परत परत ठेवलेलं. मीच भुयारात बघत बसलो. याच्यासाठी त्या पिच्चरला माझा हात जोडून नमस्कार. असं बघणाऱ्याला लहान न समजता गोष्ट सांगणारे थोडे.

आता नावं ठेवायची ती ठेवतो. बाई तिजोरीत शिरली कशी, ते नीट दाखवलं नाय. म्हाताऱ्यानं तिला काहीतरी शिकवलं असं नुसतं भरकन दाखवून मोकळे झाले. एवढा वेळ लाकडाच्या तिजोरीवर घालवलात, तर खरी चोरी दाखवायला काय जात होतं? मग म्हातारा पोलिसांच्या हातून निसटतो, तो गाड्यांचा पाठलाग. गाड्या उडतात, उलटतात, नि आतला माणूस केस सारखे करत बाहेर येतो. आमची एसटी धसईच्या वाटेवर याच्याहून जास्त घाबरवते. नि सगळ्यात मोठा दोष, त्या बाईला बोलायलाच दिलं नाय. आख्खी चोरी तिच्या खांद्यावर, नि आख्ख्या पिच्चरमध्ये तिच्या तोंडी चार वाक्यं नायत. शेवटी म्हातारा एका बाकावर बसलेला असतो. ती येते, बादली खाली ठेवते, शेजारी बसते. संपला. अरे, दोन शब्द बोलू द्यायचे होते त्यांना. एवढं करून आलीत माणसं.

"बाबा, कोण आलंय?" मुलगी ओले हात घेऊन दारात उभी.

"कोण नाय. तुझ्या आईला पिच्चर सांगतोय."

ती उंबऱ्यावर बसली. ओले हात पदराला पुसत म्हणाली, "मग? काय झालं शेवटी?"

"बादलीत गेला माल. तुझी आई म्हणाली तसं." नि मग तिला पैजेचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी उठायच्या आधी उठलो. गोठ्याच्या दारात उभा राहिलो. पाटी कोपऱ्यात उभी करून ठेवलेली. आत गेलो. म्हशीनं मान वळवून बघितलं, बाप्या इकडं कशाला म्हणून. मी वाकलो नि शेण ओढायला लागलो. हात लावायचा कसा ते पण धड माहीत नव्हतं.

मागून मुलगी धावत आली. "बाबा, ठेवा ते. मी काढते ना. लोक बघतील."

"बघू दे. हरलोय मी."

पाटी भरली. उचलताना ती वाटली त्याच्यापेक्षा जड निघाली. डोक्यावर घेऊन बाहेर आलो, तर कुंपणापाशी शेजारीण उभी. मोठा टोप परत करायला आलेली. टोप कडेवर धरून नुसती बघत राहिली, बाकीच्या बायांना हाक मारायची पण विसरली. मी तिच्यासमोरून गेलो, उकिरड्यावर पाटी ओतली, नि उरलेलं भरायला परत गोठ्यात गेलो.